चार पानं मागितली होती

...आणि वर मलाच विचारतात, "तुमच्या भावानं एवढं चांगलं घर विकलं कसं हो?" अहो, कसं म्हणजे काय! चार पानं मागितली होती मी त्याच्याकडे, चार! दादाच्या अंगणात ओकचं झाड, पलीकडच्याच रस्त्यावर माझी प्रयोगशाळा, आणि आम्हाला वाचायचा होता ओकचा अख्खा जीनोम, म्हणजे झाडाच्या पेशीत जे जे लिहिलेलं असतं ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत! आता त्यासाठी जंगलात कोण तडमडणार? म्हटलं, घरचं झाड आहे! दादा त्याच्याखाली खुर्ची टाकून पेपर वाचत होता. म्हणाला, "घे की, त्यात विचारायचं काय?"

तुम्हाला सांगतो, ओकच्या पानात टॅनिन, म्हणजे तो तुरट रस, इतका, की नळीत डीएनए राहिला बाजूला, नुसता तपकिरी चिखल! पुन्हा गेलो. पुन्हा चिखल! तिसऱ्या खेपेला वहिनी दारातूनच ओरडल्या, "अहो, भाऊजी आलेत, झाड झाका!"

बरं, अक्षरं वाचली एकदाची, तर म्हणे आता कुठला तुकडा काय काम करतो ते लिहा. कसं लिहिणार? मुळांमध्ये कुठले जीन चालू, सालीत कुठले, कळीत कुठले, बघायला नको? म्हणजे मूळ खणा, साल सोला, कळ्या खुडा, आणि तोडल्या तोडल्या तिथंच गोठवा! भल्या सकाळी अंगणात मी, हातात कुदळ, शेजारी गार वाफा सोडणारं द्रव नायट्रोजनचं पिंप... दादा तोंडात ब्रश धरून बघत राहिला. "चार पानं म्हणाला होतास ना?" बस, एवढंच. आणि इतकं खणून, कितीतरी जीनपुढे आम्ही काय लिहिलं माहितीय? "कार्य अज्ञात"!

तरी दादा रागावला नाही हो! काम छापून आलं तेव्हा गल्लीभर सांगत सुटला, "आमचं झाड आहे ते!" तिथंच घात झाला. कारण आमच्यात असं, की ज्या झाडाचा जीनोम पहिल्यांदा पुरा वाचला ते झाड अख्ख्या जातीचा नमुना. बाकीचे ओक त्याच्याशी ताडून बघायचे. आमच्या प्रमुख बाई कडाडल्या, "त्या झाडाला आता कुणी हात लावायचा नाही!" संमतीचा कागद मीच नेला, आणि भाऊ मागतोय म्हणून दादानं न वाचता सही केली. झालं! कुंपण आलं, पाटी आली, दादाची खुर्ची कुंपणाबाहेर उन्हात. छपरावर घासणारी फांदी छाटायची? परवानगी नाही! देशोदेशीचे पाहुणे येऊन फोटो काढायचे, आणि वहिनींचे वाळत घातलेले कपडे परिषदेत पडद्यावर! चार पानं हो, चार...

शेवटी घर विकलं. सामान चढवताना म्हटलं, "दादा, चुकलं रे." तर म्हणतो, "अरे, तुझं काम होतं ते." इतक्या समजुतीनं म्हणाला... त्यापेक्षा एक ठेवून दिली असती तर बरं वाटलं असतं मला.

परवा नव्या घरी गेलो. अंगणभर फरशी, गवताची काडी नाही. दाराशी एका कुंडीत मात्र हिरवंगार रोप! मी आपला वाकलो सवयीनं, आणि एकदम लाजून हात मागे घेतला. दादानं बघितलं.

"लाव रे हात," म्हणाला, "प्लॅस्टिकचं आहे."