वाघाची चांगली बातमी

आमच्या गावच्या रेडिओचं सांगतो, ऐका. पयले तो एका संस्थेचा होता. पहाटेच धानाची फवारणी सांगे, अन् वाघ कुठी दिसला तेही सांगे. मंग एका ठेकेदारानं घेतला, तं दिवसभर सिनेमाचे गाने. औंदा एका महाराजाच्या भक्तायनं घेतला. आता निस्तं प्रवचन, वाईट बातमी बंद.

इकडं मोहफुलाचे दिवस. माही बायको अंधारातच टोपली घेऊन जंगलात जाते. परवा नाल्यापाशी वाघाच्या पंजाचे ताजे ठसे दिसले. मी तसाच रेडिओच्या खोलीत घुसलो.

"नाल्याकडं वाघ हाय, गावाले सांगा!"

माइकवाला म्हणते, "भाऊ, आम्ही फक्त सकारात्मक बोलतो."

माहं डोस्कं सरकलं. "अबे, मंग सकारात्मक सांग! वाघाची तब्येत मस्त हाय, भूक चांगली लागून राह्यली, अन् मुक्काम नाल्यापाशी हाय!"

त्या बह्याडानं जसंच्या तसं सांगितलं, वरतून जयजयकार केला. दुसऱ्या दिवशी गावातली एकही बाई मोह वेचाले गेली नाई. पण महाराजाचे चार भक्त नारळ घेऊन वाघाच्या दर्शनाले निघाले. त्यायले शिव्या देऊन मीच परत फिरवलं.