अख्खी बोट दोघायचीच

अमरावतीच्या एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात रागिणी नंबराची वाट पाहत होती. नजर मोबाइलवर, कान शेजारी. शेजारी दर्यापूरकडचे पंजाबराव आणि त्यांच्या पत्नी वच्छलाबाई इजिप्तच्या सहलीचा फॉर्म घेऊन बसले होते.

"नाईल नदीत चार दिवस, वच्छला. अख्खी बोट आपल्या दोघायचीच."

"मंग सही करा ना. काहून थांबले?"

"बुडालो त बोंबलाले तिसरा मानूस बी नाई."

"भेता का तुमी?"

"मी? गावात मले वाघ म्हनतात!"

"पूर्णेच्या पुलावर यष्टी आली का हा वाघ डोये मिटते."

"तुले माईत हाये?"

"चाळीस वर्सं झाले. म्हनून त खिडकीपाशी मी बसते."

"अन् थे पिरॅमिड? मेलेल्या राजाले भेटाले अंधारात वाकून जा लागते म्हनतात."

"तुमी राहा घरी. मी आपल्या पोरीले घेऊन जाते."

पंजाबराव स्वतःलाच हसले. "खरं भेव थेच हाये, वच्छला. माह्याबिगर तू तिकडं मजेत राहिली त?"

वच्छलाबाईंनी पेनाचं टोपण काढून पेन त्यांच्या हातात दिलं.

"करा सही. तिकडं मी रागवू कोनावर?"