उपासाचा फिकटपणा

आजच्या सोहळ्याच्या अध्यक्षा माननीय त्सेहायनेशबाई, व्यासपीठावरचे आपले वंदनीय धर्मगुरू अब्बा गेब्रेयस, ज्यांना आपण आज निरोप देतो आहोत ते डॉक्टर अस्नाके, त्यांच्या जागी आलेल्या तरुण डॉक्टरीणबाई, आणि समोर बसलेले माझे गावकरी, ज्यांतले निम्मे माझी छडी खाऊन मोठे झाले, सर्वांना नमस्कार.

संयोजक म्हणाले, "मास्तर, तुम्ही कवितेतली माणसं. दोन गोड शब्द बोला." गोड शब्द मी आयुष्यभर वाटले, निलगिरीच्या झाडांखालच्या त्या पत्र्याच्या शाळेत. पाऊस सरून माळ पिवळ्या फुलांनी भरला, की मी वर्ग बाहेर काढायचो. सगळी पोरं एका सुरात कविता म्हणायची आणि एक आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. तो माझ्या लेकीचा, वुबालेमचा. असो. आजचा दिवस डॉक्टरांचा आहे.

डॉक्टरांनी गावासाठी काय नाही केलं? अडलेल्या बायका सोडवल्या, माझ्या मुलाचा मोडलेला हात बसवला. हे विसरलो तर मी कृतघ्न ठरेन.

पण हुदादेचं काय करू? ईस्टरच्या आधीचा आपला मोठा उपास. मांस नाही, दूध नाही, दुपार कलेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नाही. त्या दिवसांत आपल्याकडे फिकट चेहरा म्हणजे पुण्याचा चेहरा. तो फिकटपणा कुठून आला, असं कोण विचारतं?

वुबालेम अशाच एका हुदादेत पांढरी पडली. संध्याकाळी कणकण, झोपेत घाम, थोडा खोकला. चुलीच्या धुरात खोकत नाही असं इथे कोण आहे? डॉक्टरांनी तिची पापणी ओढून पाहिली. म्हणाले, "हुदादे आहे. अर्ध्या गावाचं रक्त उतरलंय. लोहाच्या गोळ्या घे." थुंकी तपासली नाही.

अब्बा, तुम्ही आमच्या घरी आलात. म्हणालात, "पोरी, आजाऱ्याला उपास नाही. खा." तिनं रडत रडत मटणाचा रस्सा खाल्ला. कुंपणापलीकडून मुलुनेशबाईंचा आवाज आला, "देवळात डोळे मिटायचे न् घरी पातेलं उघडायचं! मास्तरांच्या कविता मटणाबरोबर बऱ्या पचतात!" बसा बाई, उठू नका. तुम्ही एकट्याच नव्हता.

एवढं करून रक्त वाढेना. डॉक्टर भर रांगेत म्हणाले, "काय गं मास्तरांच्या पोरी, गोळ्या कोंबड्यांना घालतेस की काय? कोंबड्या लाल झाल्या असतील!" सगळी रांग हसली. आत्ताही कुणीतरी हसलं. हसा, विनोद चांगलाच होता.

"रोज घेते, डॉक्टर."

"मग चोरून उपास करतेस. तोंड खोटं बोलेल, पापणी नाही बोलत."

गाव म्हणे, उपास मोडते. दवाखाना म्हणे, उपास करते. एकाच पोरीवर दोन्ही आळ! घरी येऊन तिनं विचारलं, "बाबा, तुमचा तरी विश्वास आहे ना?"

शेवटी गोंदरच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथला डॉक्टर म्हणाला, "मास्तर, हा क्षय आहे. रक्त त्यानंच आटवलंय. कोठीत धान्य आहे, पण आजारानं कोठीला कुलूप घातलंय. बाहेरून गोळ्यांची आणखी पोती आणून काय होणार? आधी क्षयाचं औषध सुरू व्हायला हवं होतं." औषध सुरू झालं. पावसाळ्यात ती गेली.

आणि मातीला आलेल्या लोकांसमोर, डॉक्टर, तुम्ही हळहळून म्हणालात, "गोळ्या घेतल्या असत्या तर वाचली असती." गाव आजही तेच सांगतं. आया पोरींना दटावतात, वुबालेमसारखं करू नकोस.

नव्या डॉक्टरीणबाई, हुदादे जवळ आला आहे. चेहरे पुन्हा फिकटतील. पुण्य म्हणण्याआधी थुंकी तपासा, एवढी म्हाताऱ्याची विनंती.

गावात सगळ्यांत वडील म्हणून डॉक्टरांच्या खांद्यावर ही जाड सुती गाबी घालण्याचा मान संयोजकांनी मला दिला आहे, त्यांचा मी आभारी आहे. अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही ऐकून घेतलंत, तुमचेही आभार. वय झालं आहे. एखादा शब्द जास्त गेला असेल, तर आपलाच मास्तर म्हणून पोटात घाला.

डॉक्टर, या, इथं उभे राहा. गाबी मी घालतो. आधी याच लोकांना एवढंच सांगा, की मास्तरांची पोरगी गोळ्या घेत होती.

मी थांबतो.