मामंजींच्या शर्टाला मारलेलं औषध

आमचं मूळ कुडाळकडचं, पण गाव मी पाहिला तो गणपतीत आणि मे महिन्यात, बाकी सगळी वाढ मुंबईतच, वडील गिरणीत, गिरणी गेल्यावर मिळेल ते काम, आणि लग्न होऊन मी आले इथे मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी. ही आमची चाळ. मागच्या गॅलरीत उभ्या राहा ना, समोर सरळ जंगलच दिसतं, लोक म्हणतात काय मज्जा तुमची, म्हटलं मज्जा आहे, साप येतो, माकडं येतात, पावसाळ्यात सगळं येतं, फक्त पाणी वेळेवर येत नाही. माझे सासरेपण गिरणीतलेच, नंतर एका सोसायटीत वॉचमन झाले, त्यांना मी मामंजी म्हणायचे. सासूला अख्खी चाळ माई म्हणते, मीपण माईच म्हणते. माई अजून मालवणीच बोलते, इतकी वर्षं मुंबईत राहून तिची बोली काय सुटली नाही.

आधी मी पोळ्या करायला जायचे. मग एका मॅडमची कंबर धरली, त्या म्हणाल्या, रेखाताई, जरा आमच्या ब्रूनोला फिरवून आणशील का, मोठा लॅब्रॅडॉर कुत्रा आहे त्यांचा, एकदम गोड. मी नेला, दुसऱ्या मजल्यावरच्यांनी बघितलं, त्यांनी आपला दिला, असं करत करत कुत्री फिरवणं हाच माझा धंदा झाला. माझा भाऊ रिक्षा चालवतो, तो हसला, म्हणाला ताई, कुत्री फिरवतेस? म्हटलं तुझ्यासारखी माणसं फिरवण्यापेक्षा बरं, कुत्री उलटून बोलत नाहीत. खोटं नाही सांगत, मला ते काम आवडतं. डोंगराच्या वाटेला लागलं की कुत्र्याची चालच बदलते, आपलीपण बदलते.

पण त्या वाटेला गवत, आणि गवतात गोचीड. गावाला गुरांच्या कानात बघितलेले, टम्म फुगलेले, हे तसे नाहीत, हे बारीक असतात, बोटाच्या पेरात घेतले तर मातीचा कण वाटेल. ब्रूनोला त्यांचा ताप आला. खायचा नाही, उठायचा नाही, लघवीला लाल व्हायची, सलाईन लावलं, मॅडम त्याच्या डोक्याशी बसून रडत होत्या आणि मला वाटत होतं ह्याला त्या गवतात मीच नेलाय. वाचला बिचारा. मग एक दिवस माझ्याच कमरेला गोचीड चिकटलेला सापडला, नाडीच्या खाली. आमचे हे म्हणाले, आज गोचीड आणलास, उद्या बिबट्या घेऊन ये घरी.

कुत्र्यांच्या डॉक्टर आहेत स्टेशनजवळ, तरणी मुलगी आहे, पण समजावून सांगते. तिने कुत्र्यांना लावायचं औषध दिलं आणि म्हणाली, मावशी, तुमच्या फिरायच्या कपड्यांनापण एक फवारा येतो, तो मारा, पण अंगावर घालून नाही मारायचा, बाहेर दोरीवर टाकून मारायचा आणि पूर्ण वाळल्यावरच घालायचं. मग विचारलं, घरात मांजर आहे का? म्हटलं आहे, माईची. तर म्हणाली, मग सांभाळा हां, कुत्र्याच्या अंगाला हे पचतं, मांजराला नाही, ओलं असताना तर जवळसुद्धा येऊ देऊ नका. मी हो म्हटलं. नीट ऐकलं होतं मी, कानामागे नाही टाकलं.

आता कपडे कुठले, तर मामंजींचे शर्ट. ते गेल्यावर त्यांचे शर्ट पेटीत होते, पूर्ण बाह्यांचे, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेले. माईनेच काढून दिले. म्हणाली, पेटीत कुसण्यापरास तू घाल गो, गवतातसून फिरतंस ना. मी ते घालून निघाले की ती दारात बसून बघायची. शर्ट दोरीवर वाळत असले तरी बघायची. मामंजी गेल्यापासून माई आमच्याशी कामापुरतंच बोलायची, काय सांगू तुम्हाला, विचारलं तर हूं, नाही विचारलं तर तेपण नाही. बोलायची ती मांजरीशी. बायो म्हणायची तिला. दिवसभर चालायचं दोघींचं, आज बांगडे ताजे नाय गो बायो, काल तू खंय गेल्लंस गो बायो. आणि ती बायो पण डोळे मिटून सगळं ऐकायची, सुनेपेक्षा जास्त ऐकायची.

तर फवारा मारायचा होता. मी काय काय केलं बघा. शेजारच्या काकींना सांगितलं, त्या दोरीला हात लावू नका. आमच्या ह्यांना सांगितलं. पोरं गॅलरीत क्रिकेट खेळतात, त्यांना दम दिला. दोरी उंच बांधली, काठीनेच कपडा टाकता येईल अशी, मांजर तिथे काय उडी मारणार. सगळ्या चाळीला सांगितलं आणि एका माईला नाही सांगितलं. विसरले नाही हो. जाणूनबुजून नाही सांगितलं. ज्या शर्टाकडे ती तसं बघत बसायची, त्या शर्टाला मी विष मारते, हे कुठल्या तोंडाने सांगू तिला? म्हटलं दुपारी ती झोपली की मारायचा, वाळला की घडी करायची, तिला कळायलाच नको. तिचं मन राखायला गेले मी.

मे महिना होता, उकाडा असला की भिंतीला हात लावला तरी चटका. मी शर्ट दोरीवर टाकला, फवारा मारला आणि मॅडमकडे गेले. तेवढ्यात बायो व्याली. माईच्या खाटेखाली, तीन पिल्लं. माईला काय आनंद झाला असेल, घरात कोणी नाही, ती एकटीच सुईण.

आता आमच्यात कसं आहे, तान्ह्या बाळाला कोरं कापड नाही घालत. घरातल्या मोठ्या माणसाचं वापरलेलं, मऊ कापड घ्यायचं, त्याचं झबलं शिवायचं, म्हणजे त्या माणसाचं आयुष्य बाळाला लागतं. माझ्या मुलाचं पहिलं झबलं माईने मामंजींच्याच जुन्या शर्टाचं शिवलं होतं, ह्याच हातांनी. मग बायोच्या पिल्लांना ती दुसरं काय घालणार? तिने काठी घेतली आणि तो शर्ट दोरीवरून उतरवला. दमट लागला हाताला, पण तिला वाटलं धुतलेला आहे, अजून वाळला नाही, बरंच झालं, ह्या उकाड्यात बाळंतिणीला गार लागेल. चार घड्या करून खाटेखाली घातला.

मी आले तर माई हसत होती. किती दिवसांनी हसताना बघितलं तिला. म्हणाली, बघ गो, पोरांका आजोबाचो शर्ट घातलंय. आणि मी वाकून बघते तर बायोचे कान फडफडतायत, तोंडाला फेस, अंग सगळं थरथरतंय. शर्ट ओढून काढला, साबणाच्या पाण्याने तिला धुतली, टॉवेलात गुंडाळली, दोन पिल्लं ओढणीत, रिक्षा, डॉक्टरीण. तिने खूप केलं हो, सुया दिल्या, सोडून नाही दिलं. पण बायो गेली, आणि ती दोन पिल्लंपण गेली.

तिसरं वाचलं. ते सगळ्यात बारकं होतं, दूधच ओढत नव्हतं, म्हणून माईने त्याला शर्टावर ठेवलंच नव्हतं, पदरात घेऊन बसली होती.

घरी आल्यावर माईने विचारलं, शर्टाक काय होता? सांगितलं सगळं. मला वाटलं ओरडेल, ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, माका कित्याक सांगूक नाय गो? मी काय नको म्हणतलंय? ती नको म्हणालीच नसती. उलट काठीने शर्ट टाकायला मदत केली असती. मीच मनाशी ठरवून टाकलं होतं तिला काय सोसेल आणि काय नाही.

फवारा मी अजून वापरते, वापरावाच लागतो, ब्रूनोचे ते हाल मी विसरले नाही. पण आता मॅडमच्या गच्चीवर मारते, तिथेच वाळवते, तिथेच पिशवीत ठेवते, घालायला ह्यांचे जुने शर्ट. मामंजींचे उरलेले माईने परत पेटीत ठेवले. आणि आता मी माईला सगळं सांगते, गॅस बदलला तरी सांगते, ती हूं म्हणते.

ते पिल्लू आता मोठं झालंय, बघा ना, ते काय तिथे. मीच ड्रॉपरने दूध पाजून वाढवलं त्याला. माईने त्याला हात नाही लावला त्या दिवसापासून. म्हणते माझो हात बरो नाय. किती समजावलं, म्हटलं माई, हे वाचलंय ते तुमच्याच पदरात वाचलंय, माझ्या औषधाने मेली ती, तुमच्या हाताने नाही. ऐकतच नाही. पण मांजराला कुठे कळतं? ते दुपारी बरोबर जाऊन तिच्याच मांडीवर झोपतं. ती त्याला हाकलत नाही हां, पाय आखडले तरी हलत नाही, फक्त दोन्ही हात पदराखाली घेऊन बसते. मी रोज म्हणते, माई, लावा ना हात, वाट बघतंय ते. ती रोज म्हणते, आज नको गो, फाल्या. आमच्यात फाल्या म्हणजे उद्या. देव तिला भरपूर आयुष्य देवो, दुसरं काय मागू, म्हणजे एखादा तरी फाल्या उजाडेल.