दुसऱ्या टोकाची मूठ

मी मूळचा तासगावचा, बाप पत्र्याच्या पेट्या करायचा, मीबी तेच केलं, शाळा तिसरीत सुटली पण हात कधी रिकामा राहिला न्हाई. दुकान म्हंजे अर्धं घरच, पुढं पत्रा नि मागं चूल. काय सांगू तुमाला, रुंद पत्रा वाकवायचा तर मशीनच्या दोन्ही टोकांना माणूस लागतंय, पत्रा जबड्यात दाबायचा, दोन्हीकडच्या मुठी धरायच्या नि खालची फळी दोघांनी एकदम उचलायची, एक जरी मागं राहिला तर पत्रा पिळलाच म्हनून समजा. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला माझी बायको शालन. चुलीवर भाकरी असली तरी धर गं म्हनलं की यायची.

मग पोरगा इंजिनियर झाला, हितं अमेरिकेत ॲन आर्बरला आला, आमा दोघांनाबी घेऊन आला. घर चांगलं, सून चांगली, पण दिवसभर काय करायचं, खिडकीतनं बर्फ बघायचा? म्हनलं मला बेंडिंग मशीन पाहिजे. पोरगा म्हनला आप्पा, आता आराम करा ना. मी जेवायचंच सोडलं. शेवटी त्यानंच फोनवर हुडकलं.

मशीन विकणारा गावाबाहेरचा एक म्हातारा गोरा, त्यानं जन्मभर घरोघरच्या हीटरची गरम हवा न्यायचे पत्र्याचे नळ केलेले. मशीन माझ्यापेक्षा म्हातारं, पण लोखंड असं की बघत राहावं. त्याची भाषा मला येईना, माझी त्याला. तो एका टोकाला गेला, मी दुसऱ्या, मान हलवली नि उचलली फळी, पत्रा सुतात वाकला. गोऱ्यानं डोळं पुसलं. गाडीत पोरगा म्हनला, त्याचा भाऊ गेला आप्पा, दुसऱ्या बाजूला तोच असायचा.

मशीन गॅरेजात आलं नि सुनेची गाडी बाहेर बर्फात गेली. बोलत काय न्हाई ती, पण सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडती ते मला आत ऐकू येतंय. तरी म्हनलं एक पेटी करू, चांगली, तासगावात करायचो तशी. पोराला दुसऱ्या टोकाला उभा केला, त्याची बाजू मागं राहिली, पत्रा पिळला, तेवढ्यात त्याची मीटिंग लागली.

मग मी हाक मारली, शालन, धर गं. दारात आली, स्वेटर घालून, म्हनली, जन्मभर धरलं, आता न्हाई. म्हनलं का गं, खांदा दुखतोय? म्हनली, खांदा तासगावातबी दुखत होता, तवा न्हाई दिसला? मी काय मशीनचा भाग हाय व्हय? पाहिजे तर मला नीट इचारा, मग बघते.

आता तुमीच सांगा, एवढा संसार झाल्यावर बायकोला काय इचारायचं? न्हाई इचारलं. मी एकटाच बारक्या पट्ट्या वाकवतो, डब्यांची झाकणं करतो, ती कुणाला नको असत्यात. पेटीचा पत्रा भिंतीला टेकून उभा हाय. ती रोज चहा आणती, त्या दुसऱ्या टोकावर कप ठेवती, जराशी थांबती. शब्द ओठापर्यंत येतोय, मी चहा पितो, ती कप घेऊन आत जाती. मी असाच हाय, काय करणार.

तुमी शिकलेली पोरं, तुमच्या दुसऱ्या टोकाला कायम माणूस राहो. उठू नका, चहा घेऊन जा. आणील आता ती.