खरखर आहे का?

नाही नीळकंठभाऊ, आवाज चढवून काही उपयोग नाही, ह्यायले ऐकूच येत नाही. — हो, नागोराव लाउडस्पीकरवाले हेच, माझे मालक. तीस वर्षं भोंग्याखाली बसले, गेले कान. चार वर्षं झाली. साऱ्या बाभुळगावात कोणाले माहीत नाही, आता तुमाले झालं. कुठं बोलू नका. बसा नं — त्या स्पीकरच्या डब्यावर नका, पोकळ आहे तो, इकडे बसा.

तुमचाच स्पीकर पाहून राह्यले ते. राजूरले होतं नं पोरीचं लगन? त्याआधी माणसाहाती इथंच धाडला होता तुमी दुरुस्तीले. ऐन मंगलाष्टकात फाटका आवाज आला म्हणता — आला असन, मी कायले नाही म्हणू? पण त्यायच्या हाताचा दोष नाही, भाऊ. कडेचा फोम पापडावानी झडला होता तुमचा. तवाच तो खरवडला, कापडी कडा चिकटवली, आतली तारेची कॉइल मधोमध राहावी म्हणून एक्स-रेच्या फिल्मच्या पट्ट्या खोचल्या. केसभर सरकली का घासते. मोठी घास बोटाले कळते, बारीक फक्त कानाले. मग हे स्पीकर वाजवतात अन् मले विचारतात, "कौसल्ये, खरखर आहे का?" मी मान हलवते. काहून बसते मी इथं दिवसभर? चहा करून राह्यली असं दाखवते, पण माझं काम कानाचं. चार वर्षांत माहेरी एक मुक्काम नाही. मी गेली का दुकान बंद.

अन् काम तरी काय उरलं — औंदा तिसरं वर्ष कापसानं दगा देल्ल्याचं, नवीन डबे घेते कोण, जुन्यालेच ठिगळ. पुसदले माझ्या बहिणीनं, कांताबाईनं, होस्टेलात स्वयंपाकाची जागा धरून ठेवली होती. ह्यायले म्हटलं, दोघंही जाऊ, खोली भेटते. तं म्हणे, हात चालतात तोवर दुकान चालन. आता बोला! हात त्यायचे चालतात, अन् अडकली मी.

म्हणून म्या — जाऊ द्या. नाही, सांगतेच, नुकसान तुमचंच झालं. त्या दिवशी खरखर होती तुमच्या स्पीकरात. म्या ऐकली. चांगली ऐकली. अन् मान हलवली, साफ आहे म्हणून. मले वाटलं, एक काम बिघडलं, लोकं बोलले, का होईन दुकान बंद. लोकं बोलले. पण ह्यायनं काय केलं? आठ दिवस अवजाराले शिवले नाही. आपल्याच बोटांकडे पाहत बसत — म्हणे, हातही गेले वाटते. अन् मी त्यायच्या ताटात भाकर वाढत होती, तोंड उघडलं नाही. लय वाईट केलं, भाऊ. तिकडं जागाही गेली, दुसरी बाई लागली. आता सांगावं तं कोणत्या तोंडानं, अन् जावं तं कुठं?

मह्यावर रागवा तुमी. त्यायले काही म्हणू नका. मघा स्पीकर खोलला तवा कॉइलवरच्या घासल्याच्या ओरखड्यावर बोट फिरवलं, अन् एकदा पाहिलं त्यायनं मह्याकडे — चष्मा मागत असन.

थांबा, जोडली वायर. पाहा, वाजून राह्यला. आता विचारतीन मले — अन् साफ आहे हो, या खेपेले खरंच साफ आहे, जराही —

अहो. इकडे. मी इथं आहे नं. इकडे पाहा!

तुमाले विचारून राह्यले ते, नीळकंठभाऊ. मले नाही.

सांगा त्यायले. मान हलवा, समजते. सांगा नं भाऊ — मह्याकडे कायले पाहता?