चुन्याच्या डोक्याच्या खुंट्या

वाच, पुन्हा वाच ते तू लिहिलेलं — "महिपती आणि गावातील पुरुषांनी खुंट्या उपटल्या, स्त्रिया विलाप करीत राहिल्या" — हे कुणी सांगितलं तुला? मी? हो, मीच सांगितलं, पण तेव्हा किसन बसला होता ना समोर! भाऊ माझा, त्याला बापाचं नाव गेलेलं खपतंय होय? पण मैत्रेयी, तू कॉलेजातली, तूच म्हणालीस ना, इंग्रजांच्या काळावरच्या कादंबऱ्यांत बायका नुसत्या रडतात, म्हणून मी लढलेल्या शोधत फिरतेय — मग इथं येऊन परत रडवलंसच ना त्यांना? तो बिस्किटाचा पुडा ठेव तिकडं, मी खात नाही.

ऐक. आता उल्हासनगरात कॅम्प दोनचा बाजार आहे ना, तिथंच आमचं भाताचं शेत होतं — साठ वर्षं झाली. गोऱ्यांना लढाईसाठी छावणी पाहिजे होती, मोजणीवाले आले, शेतात खुंट्या ठोकून गेले — सागाच्या, डोक्याला चुना फासलेल्या. बाप काय करत होता? महिपती माझा बाप मामलेदारापुढं हात जोडून उभा! आणि आई, राजाबाई — पहाटे टमरेल घेऊन जायची, येताना पदराखाली चार खुंट्या. सरळ चुलीत. ते ठोकायचे, ही उपटायची, ते ठोकायचे, ही उपटायची — महिनाभर सरकारच्या सागावर भात शिजवून खाल्ला आम्ही, हसतेस काय, असला भात परत नाही मिळाला!

सापडली कशी? सापडली — तुला काय करायचंय? सांगितलं कुणीतरी. दहा वर्षांच्या पोरीला काय कळतं, टोपीवाल्यानं बिस्कीट पुढं केलं, विचारलं, तुमच्या चुलीत काय जळतं गं — आणि जन्मात बिस्कीट बघितलेलं नसतं, बाय, गोड लागतं ते… पांढऱ्या डोक्याची लाकडं, म्हटलं मी. तीन दिवस चौकीत ठेवली आईला. शेतही गेलं. आली ती पाठ धरून, आणि आधी मला जेवायला वाढलं. एका शब्दानं विचारलं नाही. मरेपर्यंत नाही. विचारलं असतं तर —

लिहू नको! हे नाही लिहायचं. बापाचं नाव खोड, राजाबाई घाल, मोठ्या अक्षरात घाल, किसन भांडायला आला तर मी बघते त्याला. माझं नाव कुठं नको. ठमाबाईनं सांगितलं, एवढंसुद्धा नको. आणि हा पुडा उचल — ऊठ. ऊठ म्हणते ना!